देव कोणाच्या बाजूचा? : अमेरिकेतील काळ्या लेखकांचा संशयवाद

१

अमेरिकेतील निरीश्वरवादाची चर्चा आपल्याकडे होते तेव्हा ती बहुधा चार पुस्तकांभोवती फिरते. सॅम हॅरिस यांचे 'द एंड ऑफ फेथ' (२००४), डॅनिएल डेनेट यांचे 'ब्रेकिंग द स्पेल' (२००६), ख्रिस्तोफर हिचेन्स यांचे 'गॉड इज नॉट ग्रेट' (२००७) आणि लेखक इंग्लंडचा असूनही अमेरिकेत तितकेच गाजलेले रिचर्ड डॉकिन्स यांचे 'द गॉड डिल्यूजन' (२००६) ही ती पुस्तके होत. विवेकवादी चळवळीतील आपले मित्र ती आवडीने वाचतात, विद्यार्थ्यांच्या हाती देतात. त्यात गैर काहीच नाही. परंतु ही चार पुस्तके म्हणजेच अमेरिकेतील संशयाचा सारा इतिहास, असा जो समज त्यातून पसरतो, तो तपासून घेणे मला आवश्यक वाटते. त्याच देशात संशयाची दुसरी एक परंपरा आहे. ती गुलामांच्या वस्तीत जन्मली आणि तिचा प्रश्न निराळा आहे. पहिली परंपरा विचारते, देव आहे काय? दुसरी विचारते, असेलच तर तो कोणाच्या बाजूचा आहे?

वरवर पाहता हे दोन प्रश्न सख्खे भाऊ वाटतात. पण पहिल्याचे उत्तर ग्रंथालयात बसून देता येते. दुसऱ्याचे उत्तर देताना चाबूक कोणाच्या हातात होता, पाठ कोणाची होती आणि त्या वेळी प्रार्थना कोण म्हणत होते, हे सांगावे लागते. आपल्याकडे काळ्या अमेरिकन साहित्याची चर्चा वेदना आणि विद्रोह या अंगांनी पुष्कळ झाली. जनार्दन वाघमारे यांच्यासारख्या अभ्यासकांनी हे साहित्य मराठी वाचकाच्या दारात आणून ठेवले. परंतु त्या साहित्यातील देवाविषयीच्या संशयाकडे व्हावे तितके लक्ष गेलेले नाही असे मला वाटते. म्हणून हा लेख.

आधी थोडी पार्श्वभूमी. अमेरिकेच्या राज्यघटनेने १७८७ मध्येच सरकारी पदासाठी धर्माची अट घालण्यास मनाई केली आणि १७९१ च्या पहिल्या दुरुस्तीने राज्याचा असा धर्म असू नये हे ठरविले. कागदावर हा देश इहवादी आहे. तरीही १९५४ मध्ये शाळकरी मुले म्हणतात त्या राष्ट्रनिष्ठेच्या प्रतिज्ञेत देवाचे नाव घालण्यात आले आणि जुलै १९५६ मध्ये 'आमचा देवावर विश्वास आहे' या अर्थाचे वाक्य कायद्याने राष्ट्रीय बोधवाक्य झाले. साम्यवादी रशिया नास्तिक, म्हणून आपण आस्तिक, असा तो शीतयुद्धातला हिशेब होता. त्याच १९५६ च्या ऑक्टोबरात नागपूरला लाखो माणसांनी ईश्वर नाकारणाऱ्या धम्माची दीक्षा घेतली. एका बाजूला सत्ता देवाला नाण्यावर आणि नोटेवर पक्का करीत होती, दुसऱ्या बाजूला सत्ताहीन माणसे त्याला आपल्या घरातून निरोप देत होती. योगायोगच तो, पण देवाची गरज कोणाला असते, या प्रश्नावर विचार करायला लावणारा आहे.

आज अमेरिकेत धर्म नसलेल्यांची संख्या वाढली आहे. प्यू संशोधन केंद्राच्या पाहणीनुसार २००७ मध्ये कोणत्याही धर्माशी नाते न सांगणारे प्रौढ १६ टक्के होते. २०२३-२४ च्या पाहणीत ते २९ टक्के भरले. मात्र त्यात स्वतःला उघडपणे नास्तिक म्हणविणारे अवघे ५ टक्के आणि अज्ञेयवादी ६ टक्के. उरलेले 'विशेष काही नाही' म्हणणारे. याच केंद्राच्या २०२१ च्या अहवालाप्रमाणे काळ्या अमेरिकनांपैकी ९७ टक्के लोक देवावर किंवा एखाद्या उच्च शक्तीवर विश्वास ठेवतात. म्हणजे काळा नास्तिक हा अल्पसंख्याकांतला अल्पसंख्याक. गोऱ्यांच्या देशात तो काळा आणि काळ्यांच्या वस्तीत तो देवाबाहेरचा. त्याच्या संशयाचे मोल ठरविताना ही दुहेरी बहिष्कृतता विसरता येत नाही.

२

अमेरिकेतील मुक्तविचाराचा आरंभ टॉमस पेनपासून सांगतात, आणि पेन आपल्याला परका नाही. त्याचे 'राइट्स ऑफ मॅन' जोतीराव फुल्यांनी तरुणपणी वाचले होते. पेन नास्तिक नव्हता. 'द एज ऑफ रीझन' (१७९४) मध्ये त्याने एका निर्मात्यावरील श्रद्धा सांगितली आणि धर्मग्रंथ, चर्च व पुरोहित यांचा अधिकार नाकारला. फुल्यांच्या निर्मिकाशी हे किती जुळते! पण मधला दलाल काढून टाकणाऱ्याला दलालांचे जग नास्तिकच म्हणते. ज्याच्या लेखणीने अमेरिकेच्या स्वातंत्र्ययुद्धाला बळ दिले, त्या पेनच्या दफनाला १८०९ मध्ये बोटांवर मोजण्याइतकी माणसे होती.

१८७३ हे वर्ष आपण सत्यशोधक समाजाचे आणि 'गुलामगिरी'चे म्हणून ओळखतो. 'गुलामगिरी' फुल्यांनी गुलामांना मुक्त करणाऱ्या अमेरिकेतील सज्जनांना अर्पण केली हेही आपल्याला ठाऊक आहे. पण त्याच वर्षी अमेरिकेच्या इलिनॉय राज्यात डी. एम. बेनेट नावाच्या गृहस्थाने 'द ट्रुथ सीकर' हे मुक्तविचारी नियतकालिक सुरू केले, हे फारसे कोणी सांगत नाही. त्या नावाचे मराठी भाषांतर 'सत्यशोधक' असेच होईल. दोघांचा एकमेकांशी काही संबंध नव्हता. तरी एकाच वर्षी दोन खंडांत एकाच नावाने दोन कामे उभी राहिली, आणि त्यांच्या पुढील वाटा ताडून पाहिल्या तर या लेखाचा मुद्दा स्पष्ट होतो.

आरंभीच्या काळात अमेरिकेतील दोन्ही परंपरा एका व्यासपीठावर येत असत. रॉबर्ट इंगरसोल हा एकोणिसाव्या शतकातील तेथील सर्वांत गाजलेला नास्तिक वक्ता. १८८३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने काळ्यांना सार्वजनिक ठिकाणी समान वागणूक देणारा १८७५ चा कायदा रद्द केला, तेव्हा वॉशिंग्टनच्या निषेध सभेत फ्रेडरिक डग्लस यांच्याबरोबर इंगरसोल बोलायला उभा राहिला. पुढे १९१४ मध्ये ह्यूबर्ट हॅरिसन या काळ्या विचारवंताने 'ट्रुथ सीकर'मध्ये लेख लिहून, शरीराला बांधणाऱ्या धर्माने काळ्यांचे मन अजून कसे बांधून ठेवले आहे, याची चिकित्सा केली. हॅरिसन कॅरिबियनमधील सेंट क्रॉय बेटावर जन्मला, १९०० मध्ये न्यूयॉर्कला आला, आणि हार्लेमच्या रस्त्याच्या कोपऱ्यावर पेटीवर उभा राहून उत्क्रांतीपासून समाजवादापर्यंत सगळे विषय लोकांना समजावून सांगू लागला. गोरा ख्रिस्त, गोरे देवदूत आणि काळा सैतान रंगविणाऱ्या धर्मात काळ्या माणसाने स्वतःला शोधावे तरी कोठे, हा त्याचा रोकडा सवाल होता.

आणि पुढे? हेच 'ट्रुथ सीकर' विसाव्या शतकाच्या मध्यास चार्ल्स ली स्मिथ या संपादकाच्या हाती असताना वंशवादी आणि ज्यूद्वेष्ट्या लिखाणाचे ठिकाण झाले. स्मिथ कडवा नास्तिक होता. १९२५ मध्ये निरीश्वरवादाच्या प्रसारासाठी त्याने संस्था काढली होती. देव त्याच्या डोक्यातून पूर्णपणे गेला होता. वर्ण मात्र गेला नव्हता. ज्या कागदावर हॅरिसनची अक्षरे उमटली, त्याच कागदावर हॅरिसनच्या लोकांना हीन ठरविणारी अक्षरे उमटली. देव गेला की उच्चनीचता आपोआप जाते, असे मानणाऱ्या आपल्या मित्रांनी हा इतिहास लक्षात ठेवावा. उच्चनीचतेला देवाचा आधार मिळाला तर ती घेते; न मिळाला तर विज्ञानाचा, रक्ताचा, कवटीच्या मापाचा आधार शोधते.

३

आता साहित्याकडे येऊ. फ्रेडरिक डग्लस यांचे आत्मकथन १८४५ मध्ये प्रसिद्ध झाले. त्यात टॉमस ऑल्ड नावाचा मालक येतो. १८३२ च्या ऑगस्टात तो मेथडिस्टांच्या एका धर्मशिबिरात जातो आणि भक्त होऊन परततो. आता हा गुलामांना सोडील, निदान दयेने वागवील, अशी आशा डग्लस यांना होती. घडले उलटेच. आधी त्याचा क्रूरपणा उघडा होता, आता त्याला धर्मवचनाचे पांघरूण मिळाले. हाताने अधू झालेल्या एका तरुणीला बांधून फटके मारताना तो बायबलचे वचन म्हणतो. डग्लस गुलामांना वाचायला शिकविण्यासाठी रविवारची शाळा घेतात, तर ती मोडायला चर्चमधलीच मंडळी काठ्या घेऊन येतात. विद्या दिली तर गुलाम हातचा जाईल, ही भीती. अक्षर चोरून मिळवावे लागलेल्या आपल्या पूर्वजांना हा प्रसंग समजावून सांगण्याची गरज पडली नसती.

डग्लस नास्तिक नव्हते. पुस्तकाच्या शेवटी त्यांनी ख्रिस्ताचा धर्म आणि या भूमीतला गुलामवाल्यांचा धर्म यांत फरक केला आहे. त्याच १८४५ मध्ये दक्षिणेकडील बाप्टिस्टांनी गुलामगिरीच्या वादावरून वेगळे अधिवेशन स्थापन केले. त्या संस्थेने याबद्दल माफी मागितली ती १९९५ मध्ये, दीडशे वर्षांनी! पण डग्लस तेथेच थांबले नाहीत. १८७० मध्ये काळ्या पुरुषांना मताधिकार देणारी पंधरावी घटनादुरुस्ती झाली तेव्हा सगळे देवाचे आभार मानू लागले. डग्लस यांनी सभेत सांगितले की आपण आभार मानणार ते माणसांचे, ज्यांनी लढून हे घडविले त्यांचे. काळे धर्मोपदेशक त्यांच्यावर रागावले, निषेधाचे ठराव झाले. मला या प्रसंगात काळ्या संशयवादाचे बीज दिसते. देव नाही असे डग्लस म्हणत नाहीत. माणसाच्या श्रमाचे श्रेय ते देवाच्या खात्यात जमा होऊ देत नाहीत. सर्व शोषणाचा पाया हाच असतो की करणारा एक आणि श्रेय घेणारा दुसरा. डग्लस यांनी हा न्याय थेट आकाशापर्यंत नेला.

विसाव्या शतकात हा संशय व्यक्तीच्या आत शिरतो. लँग्स्टन ह्यूज यांच्या 'द बिग सी' (१९४०) या आत्मकथनात एक छोटेसे प्रकरण आहे. बारा-तेरा वर्षांचा मुलगा रीड मावशीबरोबर चर्चमध्ये गेला आहे. येशू येईल, तुला दिसेल, असे सर्वांनी सांगितलेले. मुलगा प्रामाणिकपणे वाट पाहत बसतो. बाकीची मुले एकेक करून उठतात. शेवटी उरलेला दुसरा मुलगा कंटाळून उठतो आणि त्याचा 'उद्धार' होतो. येशू काही येत नाही. सगळी सभा रडून प्रार्थना करते आहे. मग हाही उठतो. रात्री तो अंथरुणात रडतो. मावशीला वाटते पवित्र आत्मा आला म्हणून रडतो आहे. तो रडतो आहे ते खोटे बोललो म्हणून, आणि येशू आला नाही म्हणून.

हे प्रकरण मी पदवीच्या वर्गात शिकवितो. आमच्या महाविद्यालयात येणारी बहुतेक मुले, मी होतो तशीच, घरातून पहिल्यांदा कॉलेजची पायरी चढलेली आहेत. एका वर्षी एका मुलीने विचारले, "सर, त्यानं मावशीला खरं सांगितलं असतं, तर तिनं त्याला घरात ठेवलं असतं का?" वर्ग हसला नाही. प्रत्येकाच्या घरी एक रीड मावशी होती. माझ्याही घरी होती. देवाच्या नावाने उपास काढून वाचविलेल्या पैशांत तिने माझी परीक्षा फी भरली होती. अशा मावशीला तिचा देव खोटा आहे हे कसे सांगावे, याचे उत्तर तत्त्वज्ञानाच्या पुस्तकात नसते. नव-निरीश्वरवाद्यांच्या चारही पुस्तकांत मला ते सापडले नाही.

रिचर्ड राइट यांच्या 'ब्लॅक बॉय' (१९४५) मध्ये हीच कोंडी अधिक कठोरपणे येते. आजीचे घर धर्माने गच्च भरलेले, अन्नाने मात्र रिकामे. पुढे आईच्या चर्चमध्ये उपदेशक मुलांपुढे असा पेच टाकतो की, बाप्तिस्मा घेणे म्हणजे आईवर प्रेम असणे. मुलगा मान तुकवितो. धर्म येथे श्रद्धेच्या वाटेने येत नाही, नात्याच्या वाटेने येतो, हे राइट यांनी अचूक पकडले आहे. नेला लार्सेन यांच्या 'क्विकसँड' (१९२८) या कादंबरीत हीच गोष्ट बाईच्या देहावर लिहिली जाते. शिकलेली, एकटी पडलेली हेल्गा क्रेन एका पावसाळी रात्री हार्लेममधल्या छोट्या चर्चमध्ये शिरते, भावनेच्या लोंढ्यात वाहते, उपदेशकाशी लग्न करून अलाबामाच्या खेड्यात जाते. चौथ्या बाळंतपणात मरणाच्या दारातून परतल्यावर तिला कळते की हा देव गोऱ्यांचा आहे आणि काळ्यांना सोसायला शिकविणे एवढेच त्याचे काम. कळते, पण सुटता येत नाही. कादंबरी संपते तेव्हा तिला पाचवे दिवस गेलेले असतात. संशय डोक्यात जन्मला म्हणून देहाची सुटका होतेच असे नाही, हे लार्सेन यांनी शंभर वर्षांपूर्वी दाखविले.

४

१९६३ हे वर्ष दोन्ही परंपरा शेजारी ठेवून पाहण्यासारखे आहे. त्या वर्षी जूनमध्ये सर्वोच्च न्यायालयाने सरकारी शाळांतील बायबलवाचन घटनाबाह्य ठरविले. त्या खटल्यांतील एक बाल्टिमोरच्या मॅडलिन मरे यांचा होता. पुढे मरे-ओहेर या नावाने त्या देशभर गाजल्या आणि त्याच वर्षी 'अमेरिकन एथीस्ट्स' ही संघटना त्यांनी उभी केली. ही लढाई मोठी होती आणि तिचे मोल मी कमी करीत नाही. त्याच वर्षी सप्टेंबरात अलाबामातील बर्मिंगहॅमच्या सोळाव्या रस्त्यावरील बाप्टिस्ट चर्चमध्ये रविवारी सकाळी वंशवाद्यांनी बाँब उडविला आणि चार काळ्या मुली ठार झाल्या. एकीकडे शाळेत देव असावा की नसावा हा प्रश्न, दुसरीकडे देवाच्या घरात मुली जिवंत राहतील की नाही हा प्रश्न. देश एक, वर्ष एक.

जेम्स बॉल्डविन यांचे 'द फायर नेक्स्ट टाइम' याच वर्षीचे. बॉल्डविन स्वतः चौदाव्या वर्षी हार्लेममध्ये उपदेशक झाले होते आणि तीन वर्षे व्यासपीठावर उभे होते. चर्चचे संगीत, तिथली ऊब, तिथला आवेग यांबद्दल ते इतक्या प्रेमाने लिहितात की वाचकाला वाटावे, हा माणूस परत जाईल. पण जो देव माणसाला मोठे करीत नाही, मुक्त करीत नाही, अधिक प्रेम करायला शिकवीत नाही, त्याला रजा द्यावी, असा त्यांचा निष्कर्ष आहे. विशेष म्हणजे गोऱ्यांचा देव सोडून ते काळ्यांच्या देवाकडेही गेले नाहीत. याच पुस्तकात नेशन ऑफ इस्लामचे प्रमुख एलायजा मुहम्मद यांच्या घरच्या जेवणाचा प्रसंग आहे. गोरे म्हणजे सैतान या शिकवणुकीमागची जखम बॉल्डविन ओळखतात, तरी ती शिकवण स्वीकारीत नाहीत. पीडितांच्या बाजूने उभे राहूनही पीडितांच्या नव्या पोथीची चिकित्सा करण्याचे हे धैर्य दुर्मीळ आहे. आपल्या चळवळीतही ते दुर्मीळ आहे, हे येथे नमूद करणे भाग आहे.

विद्यार्थ्यांच्या अहिंसक समन्वय समितीचे, म्हणजे 'स्निक'चे, कार्यकारी सचिव जेम्स फोरमन हे उघड नास्तिक. चर्चमध्ये सभा घेणे, प्रार्थना म्हणणाऱ्यांबरोबर तुरुंगात जाणे यात त्यांना अडचण वाटली नाही. १९६९ च्या मे महिन्यात न्यूयॉर्कच्या रिव्हरसाइड चर्चमध्ये त्यांनी उपासना थांबवून एक जाहीरनामा वाचला. गोऱ्या चर्चेस आणि सिनेगॉगांनी गुलामगिरीच्या पापाची भरपाई म्हणून काळ्यांना ५० कोटी डॉलर द्यावेत, अशी ती मागणी होती. देव आहे की नाही या वादात ते पडले नाहीत. देवाच्या तिजोरीतील रक्कम कोणाच्या घामाची आहे, एवढेच त्यांनी विचारले.

या साऱ्या संशयाला तर्काची चौकट दिली ती विल्यम आर. जोन्स यांनी. 'इज गॉड अ व्हाइट रेसिस्ट?' हे त्यांचे पुस्तक १९७३ चे. जेम्स कोन आदी काळे धर्मशास्त्रज्ञ तेव्हा मांडीत होते की देव शोषितांच्या बाजूचा आहे. जोन्स म्हणतात, पुरावा दाखवा. शतकानुशतके एकाच जमातीच्या वाट्याला एवढे दुःख आले. मुक्तीची निर्णायक घटना कोठे आहे? ती दाखविता येत नसेल, तर देव गोऱ्यांचा पक्षपाती आहे हा निष्कर्षही तितकाच शक्य ठरतो. दुःख हे देवाच्या प्रेमाची खूण आणि त्याच्या कोपाचीही खूण, असे दोन्हीकडून वाजणारे नाणे त्यांनी बाजूला काढले. इतिहासाची जबाबदारी माणसावरच टाकल्याशिवाय मुक्तीची भाषा टिकत नाही, हे त्यांचे सार. पूर्वजन्मीच्या पापाने या जन्मीची जात मिळाली, असे ज्यांना सांगण्यात आले, त्यांना या युक्तिवादाची धार वेगळी सांगायला नको. जोन्स यांची मर्यादा एवढीच की त्यांचे पुस्तक धर्मशास्त्रज्ञांशी बोलते, रीड मावशीशी बोलत नाही.

५

आता पुन्हा त्या चार पुस्तकांकडे वळू. बायबलने गुलामगिरीला मान्यता दिली हे नव-निरीश्वरवाद्यांना माहीत आहे, ते तसे लिहितातही. पण त्यांच्या मांडणीत गुलामगिरी हा देवाविरुद्धच्या खटल्यातला एक पुरावा असतो. गुलाम हा साक्षीदार म्हणूनसुद्धा क्वचितच बोलताना दिसतो. हिचेन्स यांनी मार्टिन लूथर किंग यांचा गौरव केला आहे. मात्र लगेच ते असे सुचवितात की किंग खऱ्या अर्थाने ख्रिस्ती नव्हतेच. म्हणजे जे चांगले ते धर्माचे असूच शकत नाही! ज्या चर्चच्या तळघरांत बस-बहिष्काराच्या सभा झाल्या, जेथे पैसा गोळा झाला, जेथून माणसे बाहेर पडून कुत्र्यांना आणि पाण्याच्या फवाऱ्यांना सामोरी गेली, ते चर्च या मांडणीतून गायब होते. हॅरिस यांचे पुस्तक २००१ च्या हल्ल्यांनंतरचे. त्यात श्रद्धेवर कठोर टीका आहे, आणि विशिष्ट परिस्थितीत कैद्याच्या छळाचे समर्थनही आहे. हिचेन्स यांनी २००३ च्या इराक युद्धाला पाठिंबा दिला. देवावर संशय घेणारी बुद्धी आपल्या राज्यसत्तेपाशी येऊन अशी भाविक का होते, याचा विचार त्यांच्या चाहत्यांनी करायला हवा.

काळे चर्च गायब करून का चालत नाही? अठराव्या शतकाच्या अखेरीस फिलाडेल्फियात रिचर्ड ॲलन आणि त्यांचे सोबती गोऱ्यांच्या चर्चमध्ये प्रार्थना करीत असताना त्यांना गुडघ्यांवरून उठविण्यात आले. ते बाहेर पडले आणि त्यातून पुढे १८१६ मध्ये स्वतंत्र आफ्रिकन मेथडिस्ट चर्च उभे राहिले. काळ्यांच्या मालकीची ही पहिली मोठी संस्था. शाळा, मयताचा फंड, सभागृह, राजकारण, गाणे, लग्न जुळविणे हे सारे तिच्या छपराखाली. डब्ल्यू. ई. बी. डु बॉइस यांनी १९०३ मध्ये या चर्चचा समाजशास्त्रीय अभ्यास केला. ते स्वतः इतके अश्रद्ध की विल्बरफोर्सला शिकवीत असताना सभेत प्रार्थना चालविण्यास त्यांनी साफ नकार दिला होता. तरी चर्च हे काळ्यांच्या सामाजिक जीवनाचे केंद्र आहे हे त्यांनी आधी नीट पाहिले, मोजले, लिहिले. नाकारण्याआधी समजून घेणे म्हणजे काय, ते यातून शिकावे.

आजच्या काळात हा धागा सिकिवू हचिन्सन यांनी उचलला आहे. 'मॉरल कॉम्बॅट' (२०११) आणि 'गॉडलेस अमेरिकाना' (२०१३) ही त्यांची पुस्तके. त्या काळ्या, स्त्रीवादी, नास्तिक आणि शिक्षिका. त्यांचा हिशेब सरळ आहे. काळ्या वस्तीतील बाईच सर्वांत जास्त चर्चला जाते. चर्च तिच्या श्रमावर चालते आणि उपदेशक मात्र पुरुष असतो. म्हणून चर्चची चिकित्सा ही तिच्या मुक्तीची बाब आहे. पण त्याच वस्तीत पाळणाघर, शिधा, तुरुंगातून सुटलेल्या मुलाला आधार, हे चर्चखेरीज देते कोण? गोरे नास्तिक उत्क्रांतीच्या धड्यासाठी आणि चौकातल्या क्रूसासाठी न्यायालयात जातात, मात्र शाळेतून थेट तुरुंगात जाणाऱ्या काळ्या मुलांचा प्रश्न आपला मानत नाहीत, अशी हचिन्सन यांची तक्रार आहे. त्या केवळ तक्रार करून थांबल्या नाहीत. २०१० मध्ये त्यांनी 'ब्लॅक स्केप्टिक्स लॉस एंजेलिस' ही संघटना काढली, आणि घरातून प्रथमच महाविद्यालयात जाणाऱ्या मुलांना ती संघटना शिष्यवृत्ती देते. माझ्यासारख्या माणसाला हे वाचून काय वाटले असेल ते सांगत बसत नाही. निरीश्वरवाद येथे पहिल्यांदा फी भरताना दिसतो.

६

या साऱ्याचा आपल्याशी संबंध काय? डॉ. बाबासाहेब आंबेडकर १९१३ ते १९१६ या काळात कोलंबियात होते, जॉन ड्यूई त्यांचे गुरू. १९४६ मध्ये त्यांनी डु बॉइस यांना पत्र लिहून, काळ्यांच्या वतीने संयुक्त राष्ट्रांकडे जाणाऱ्या अर्जाची माहिती मागविली. १९७२ मध्ये दलित पँथरने नावच तिकडून घेतले. हे नाते जुने आहे. परंतु एका बाबतीत आपण निराळ्या जागी उभे आहोत. ह्यूज यांचा मुलगा अंथरुणात एकटा रडतो, हेल्गा एकटीच खचते, राइट आणि बॉल्डविन देश सोडून पॅरिसला जातात. काळ्या संशयवादाचे दुःख असे की त्याला घर मिळाले नाही. बाबासाहेबांनी ईश्वर आणि आत्मा नाकारले ते लाखोंच्या मेळ्यात, आणि त्याच क्षणी लोकांच्या हाती नीती, वंदना, विहार आणि एकमेकांचा हात दिला. संशय एकट्याच्या माथी मारला नाही.

म्हणून माझ्या मते निरीश्वरवादी साहित्याची कसोटी दोन प्रश्नांची असावी. एक, त्याने देवाबरोबर देवाच्या लाभार्थींवरही संशय घेतला आहे काय? दोन, ज्याचा देव तो काढून घेतो, त्याला राहायला तो कोठे जागा देतो? चार्ल्स ली स्मिथ पहिल्या प्रश्नावर नापास होतो. हॅरिस आणि हिचेन्स पहिल्यावर काठावर आणि दुसऱ्यावर नापास होतात. लार्सेन, राइट, बॉल्डविन पहिल्यावर उत्तम उतरतात आणि दुसरा प्रश्न जखमेसारखा उघडा ठेवतात. हचिन्सन दोन्हींना हात घालतात, लहान प्रमाणावर का होईना.

आपल्या विहारांना आणि संघटनांनाही हे दोन प्रश्न लागू आहेत. ज्या वस्तीत विहाराला वर्षभर कुलूप असते आणि ते जयंतीपुरते उघडते, त्या वस्तीत आजारी पोराची आई देवऋष्याकडे गेली तर तिला बावीस प्रतिज्ञा ऐकवून काय उपयोग? आधी कुलूप काढावे लागेल. तेथे दिवा लागला, अभ्यासिका चालली, दवाखान्यात सोबत येणारे कोणी भेटले, म्हणजे देव कोणाच्या बाजूचा हा प्रश्न तिला आपण शिकवायची गरज उरणार नाही. तो तिला आधीपासून ठाऊक आहे. तो मोठ्याने विचारायला जागा हवी, आणि ती जागा बांधणे हे शिकलेल्यांचे काम आहे.